न सरणारा तांब्या

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते मला विचारू नका, ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. तर त्या काळी एका गावात एक जादूगार राहायचा. राहायचा म्हणजे आपलं म्हणायचं. आठवड्यातले सहा दिवस तो गावात नसायचाच. सोमवारी एका गावचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या गावचा, असे सहा बाजार करायचे आणि सातव्या दिवशी घरी येऊन पाय शेकत बसायचं, हा त्याचा नेम. त्याचं नाव गेनबा. बरोबर त्याची बायको येसू असायची. ती हलगी वाजवायची आणि गेनबाला कुठे थांबायचं ते सांगायची. यातलं दुसरं काम जास्त अवघड होतं.

गेनबाच्या पेटाऱ्यात म्हणाल तर फार काही नव्हतं. तीन वाट्या, लिंबाएवढे चार कापडी चेंडू, एक दोरी, एक झाकणाची टोपली. आणि एक पितळी तांब्या. हा तांब्या मात्र साधा नव्हता हं! त्याच्या पणजोबांनी तो एका तांबटाकडून घडवून घेतला होता. तो तांबट गेला आणि तसा तांब्या घडवणारा पुन्हा कोणी झाला नाही.

खेळाच्या शेवटी गेनबा तो तांब्या हातात घ्यायचा. उलटा करायचा. सगळं पाणी भडाभडा खाली सांडायचं. आत हात घालून, तळ ठोकून दाखवायचा, "रिकामा! बघा, थेंब नाही." मग तांब्या सरळ धरून उभा राहायचा. दहा आकडे मोजा. पुन्हा उलटा केला की पुन्हा पाणी! पुन्हा रिकामा, पुन्हा पाणी. असं सात वेळा. बाजारातली माणसं मीठ-मिरची विसरायची. बायकांच्या कडेवरची पोरं रडायची थांबायची. एकदा तर एका म्हाताऱ्याची पगडी पडली आणि ती उचलायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

पण खेळ सुरू होण्याआधी एक गोष्ट ठरलेली असायची. येसू हलगीवर तीन टोले द्यायची आणि थांबायची. मग गेनबा दोन्ही हात वर करून मोठ्यांदा म्हणायचा, "बघा हो बघा, डोळं उघडून बघा! हा हाताचा खेळ हाय, देवाचा न्हाई. पोटासाठी करतो, पोटापुरता करतो!"

याला त्यांच्या घरात 'बोली' म्हणायचे. बोली झाल्याशिवाय पेटारा उघडायचा नाही. गेनबाच्या बापाने धंदा हाती दिला तेव्हा एवढंच बजावलं होतं. "बाकी काय बी विसर. बोली विसरलास तर तू जादूगार राहणार न्हाईस."

"मग कोण होईन?" लहान गेनबाने विचारलं होतं.

"ते मला ठावं न्हाई. आपल्यात तसं अजून कुणी केलं न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, अहो, आधीच हातचलाखी आहे म्हणून सांगून टाकलं तर मग मजा काय उरली? इथेच तर खरी गंमत आहे. देवाने तांब्या भरला तर त्यात नवल कसलं? तो देवच आहे, त्याने समुद्र भरलेत. पण समोर उभा असतो फाटक्या बंडीतला, आपल्यासारखाच एक माणूस. दोन हात, दहा बोटं. आणि त्या बोटांतून हे असं काही निघतं! बोली ऐकून लोक दुप्पट डोळे ताणून बघायचे आणि दुप्पट चकित व्हायचे. मग कोणी मूठभर ज्वारी, कोणी दोन वांगी, कोणी गुळाचा खडा असं काहीबाही हलगीशेजारच्या फडक्यावर टाकायचं. त्यात दोघांचं भागायचं.

अशी वर्षं गेली. गेनबाच्या मिशा पांढऱ्या झाल्या. आणि मग एक वर्ष फार वाईट आलं.

त्या वर्षी पिकं करपली. बाजार भरायचे, पण नावाला. विकायलाच काही नाही तर फडक्यावर टाकणार कोण आणि काय? त्यातच गेनबाची बोटं दगा द्यायला लागली. सकाळी उठला की सांधे सुजलेले. तिसरी वाटी उचलताना चेंडू तळहातातून निसटायचा. तो पटकन सावरायचा, पण येसूला दिसायचं.

"आणखी किती वर्षं चालतील ही बोटं?" एक दिवस भाकरी मोडता मोडता तो म्हणाला. "दोन? तीन? पुढं काय खायचं आपण, येसू?"

येसूलाही तीच काळजी होती. फक्त ती काळजी ती बोलून दाखवत नव्हती, हलगीवर वाजवत होती.

बुधवारच्या बाजारात तर कमालच झाली. तिथे एक भगव्या कफनीतला बाबा येऊन बसला होता. रिकाम्या मुठीतून राख काढायचा आणि लोकांच्या कपाळाला लावायचा. गेनबाने एका नजरेत ओळखलं, राखेची गोळी बोटांच्या बेचक्यात धरलीय! तीही इतकी ढोबळ, की गेनबाच्या बापाने बघितली असती तर कान उपटले असते. पण लोक? लोक बाबाच्या पुढ्यात नारळ ठेवत होते. एकाने तर आपलं धान्याचं गाठोडंच ठेवलं. गेनबाच्या फडक्यावर त्या दिवशी एक कांदा पडला.

"तो बोली करत न्हाई," वाटेने चालताना गेनबा पुटपुटला.

"न्हाई करत," येसू म्हणाली. "म्हणून तर तो दर बाजाराला नवं गाव शोधतो. जुन्या गावाला तोंड दाखवायची सोय न्हाई त्याला. आपलं कसं हाय, त्याच गावाला आपण तीस वर्षं जातोय."

गेनबाने ऐकलं, पण त्या कांद्याचा राग त्याच्या डोक्यातून गेला नव्हता.

गुरुवारचा बाजार धोंडमाळचा. नावाप्रमाणेच गाव, जिकडे बघावं तिकडे दगड. त्या वर्षी धोंडमाळची एकुलती एक विहीर आटली होती. दोन कोसांवरच्या डोहातून बायका पाणी आणायच्या आणि घरागणिक दिवसाला एक कळशी वाटून घ्यायच्या. गावातली धडधाकट माणसं महिनाभर विहीर खोल करत होती. पहारी आणि घणांचा आवाज सबंध गावात घुमायचा. चाळीस हात खाली गेले तरी कोरडा खडक.

गेनबा आणि येसू विहिरीजवळून जाताना येसू काठावरून डोकावली. निम्म्यावर, पूर्वेच्या भिंतीत एका दगडावर मधमाश्यांचा नुसता थर बसला होता. खणणारी माणसं तिथे पोळं असेल म्हणून अंग चोरून दोरावरून उतरत होती.

"अवं, एवढ्या उन्हात माश्या दगडाला काय चाटत्यात?" येसू म्हणाली.

"चल गं, उशीर होतोय," गेनबा म्हणाला. त्याचं लक्ष कुठे होतं विहिरीत!

बाजाराच्या जागेत माणसं जमली. ओठ फुटलेली, डोळे खोल गेलेली. येसूने तीन टोले दिले आणि थांबली.

गेनबाने दोन्ही हात वर केले. तोंड उघडलं. समोर त्याला तो कांदा दिसला, ते धान्याचं गाठोडं दिसलं, आपली सुजलेली बोटं दिसली. आणि तो नुसतंच म्हणाला, "बघा."

येसूने हलगी खाली ठेवली. गेनबाने तिच्याकडे बघितलं नाही. वाट्या नाहीत, दोरी नाही, त्याने सरळ तांब्याच काढला. आदल्या गावच्या नदीवर भरून आणला होता. उलटा केला. पाणी सांडलं. तळ ठोकून दाखवला. थांबला. पुन्हा उलटा केला.

पाणी!

अहो, रोज दोन कोस चालून कळशीभर पाणी आणणाऱ्या माणसांसमोर ते पाणी पडत होतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कोणी हसलं नाही, कोणी 'वा' म्हणालं नाही. माणसं श्वास घ्यायची थांबली होती. सातव्यांदा पाणी मातीवर पडलं तेव्हा पुढे उभा असलेला एक दांडगा गडी मटकन गुडघ्यांवर बसला. त्या ओल्या मातीवर त्याने दोन्ही हात ठेवले आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. मग त्याच्या मागचा बसला. मग सगळे.

गेनबाने जन्मभर लोकांना चकित केलं होतं. पण असं कोणी त्याच्यापुढे कधी वाकलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला. गोड वाटलं, आणि भीतीही वाटली.

गावचे पाटील पुढे आले. हात जोडून म्हणाले, "महाराज, हे पाणी येतं कुठून?"

अजूनही वेळ गेली नव्हती. एका वाक्यात सगळं आटोपलं असतं. पण 'महाराज' हा शब्द कानात शिरला की बाहेर पडायला वेळ घेतो. गेनबाने आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाला, "त्याची इच्छा."

पाटलांनी तिथल्या तिथे शब्द दिला. वेशीजवळचं कौलारू घर महाराजांचं. गावात जे पिकेल त्यातला पहिला वाटा महाराजांचा, अगदी मरेपर्यंत. फक्त महाराजांनी उद्या सकाळी त्या तांब्यातलं पाणी गावच्या विहिरीत ओतायचं आणि ती भरून द्यायची.

गेनबाला ज्याची काळजी होती ते सगळं त्याला एका दुपारी मिळालं. घर, धान्य, म्हातारपणाची सोय. कौलारू घराच्या ओसरीवर तो बसला आणि मनात म्हणाला, उद्याचं उद्या बघू, काहीतरी सुचेल. येसू पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याला एक शब्द विचारला नाही. शेवटी तोच म्हणाला, "बोल की काहीतरी."

"मी हलगी थांबवली होती," येसू म्हणाली. "तुम्ही थांबला न्हाईत."

सकाळी दार वाजलं. बाहेर एक म्हातारी उभी होती, आनसाबाई नावाची. हातात कळशी, ती जेमतेम निम्मी भरलेली. गेनबा उंबऱ्यावर आला तशी ती खाली बसली आणि काय होतंय हे त्याला कळायच्या आत तिने त्याच्या पायांवर पाणी ओतलं. थंडगार पाणी. त्याच्या भेगाळलेल्या टाचांवरून ओघळून ते धुळीत गेलं आणि नाहीसं झालं.

"आजी!" गेनबा ओरडलाच. "अगं हे प्यायचं पाणी!"

"असू दे रे बाबा," म्हातारी हसली. तिचे ओठ इतके फुटले होते, की हसताना रक्त आलं. "कालपासून मी घोट घेतला न्हाई. म्हटलं, तुझ्या पायांसाठी राखून ठेवावं. आता काय, तू आलास."

गेनबाने कळशीत डोकावून बघितलं, थेंब उरला नव्हता. आणि मग त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. गावात शांतता होती. फार शांतता. काल खेळ सुरू होईपर्यंत घुमत होता तो घणांचा आवाज येत नव्हता.

"आजी, विहिरीचं काम?"

"बंद केलं की कालच! आता कशाला खणायचं? तू हायस न्हवं."

म्हातारी पदराने त्याचे पाय पुसून निघून गेली. गेनबा उंबऱ्यावरच बसला. त्याच्या पायांना अजून ओल होती.

"येसू, मागच्या वाटेनं निघून जाऊ या का?" तो हळूच म्हणाला.

"जाऊ की. पण ही माणसं वाट बघत बसतील. पहार हातात घेणार न्हाईत. उद्या येईल महाराज, परवा येईल म्हणत बसतील. कुठवर, ते तुम्हीच सांगा."

गेनबा उठला. तांब्या घेतला. येसूने हलगी घेतली. दोघं विहिरीकडे निघाले.

विहिरीभोवती सबंध गाव जमलं होतं. काठावर झेंडूच्या वाळक्या माळा बांधल्या होत्या. पाटील डोक्याला फेटा बांधून उभे होते. "ओता, महाराज," ते म्हणाले.

येसूने तीन टोले दिले आणि थांबली. गेनबाने दोन्ही हात वर केले. आवाज त्याने नेहमीसारखाच मोठा काढला. "बघा हो बघा, डोळं उघडून बघा! हा हाताचा खेळ हाय, देवाचा न्हाई. पोटासाठी करतो, पोटापुरता करतो! काल मी हे बोललो न्हाई. काल मी तुम्हाला फसवलं. मी महाराज न्हाई, जादूगार हाय."

वाटलं होतं, लोक चिडतील. पण लोक एकमेकांकडे बघून मान डोलवायला लागले. कोणी म्हणालं, "परीक्षा बघत्यात महाराज." दुसरं म्हणालं, "किती नम्रपणा बघा!" आनसाबाईने तर डोळे मिटून हात जोडले.

झालं का आता! तीस वर्षं गेनबा बोली करत आला आणि लोकांनी ती मानली. एक दिवस चुकवली, तर आज कोणी ऐकायला तयार नाही.

त्याने तांब्या पुढे धरला. "हे बघा, काठाखाली तिळाएवढं भोक हाय. अंगठा ठेवला की पाणी अडतं, उचलला की आत उतरतं." लोकांनी भोक बघितलं आणि त्या भोकालाच नमस्कार केला. आता काय करावं माणसाने?

गेनबाने तांब्याकडे एकदा नीट बघितलं. पणजोबाने घासलेला, आजाने घासलेला, बापाने घासलेला तांब्या. सहा बाजारांची भाकरी त्याच्या पोटात होती. गुपित एकदा उघडं झालं, की बातमी साही बाजारांत जाणार. आणि असा दुसरा तांब्या घडवणारा तर जगात उरला नव्हता. त्याने येसूकडे बघितलं. येसूच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने मान हलवली. होय म्हणून.

गेनबाने तांब्या दगडावर ठेवला, पडलेली पहार उचलली आणि घातली!

ठण्ण! तांब्या उभा चिरला. दुसरा घाव घातला आणि त्याची दोन शकलं झाली. भिंतीत दडून उरलेलं थोडं पाणी दगडावरून वाहून गेलं. गेनबाने दोन्ही शकलं उचलून वर धरली.

"ही बाहेरची भिंत, ही आतली भिंत. मध्ये पोकळी. आधी भरून आणायचं आणि थोडं थोडं सोडायचं. मी पाणी करत न्हाई, मी पाणी लपवतो. एवढंच येतं मला. तुमची विहीर मला भरता येणार न्हाई. मला माफ करा, आणि पहारी उचला."

आता मात्र लोकांना कळलं. काल रडलेला तो दांडगा गडी दगड उचलून पुढे आला. पाटलांचा चेहरा काळवंडला. आनसाबाई सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली, "माझं पाणी..." ते दोन शब्द गेनबाला दगडापेक्षा जोरात लागले. तो मान खाली घालून उभा राहिला. येसू येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"थांबा जरा," मागून आवाज आला.

तो होता धर्मा पाथरवट. गावातला सगळ्यात जुना खणणारा, कमरेत वाकलेला. गेनबा काय बोलला, लोक काय बोलले, याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने गेनबाच्या हातातलं एक शकल घेतलं, दोन भिंतींमध्ये बोट घातलं, उलटं करून बघितलं. मग स्वतःशीच म्हणाला, "पोटात नव्हतंच पाणी. भिंतीत होतं."

"भिंतीतच असतं," गेनबा म्हणाला.

"आणि आम्ही महिनाभर तळ फोडतोय," धर्मा म्हणाला. "भिंतीकडं कुणी बघितलंच न्हाई."

तो विहिरीच्या काठावर गेला आणि डोकावून बघत राहिला. येसूही त्याच्या शेजारी गेली आणि तिने बोट दाखवलं. "बाबा, काल त्या दगडावर माश्या चाटत होत्या. बघा, आजबी हायत."

"आम्हाला वाटलं पोळं हाय."

"पोळं असतं तर माश्या आत-बाहेर करत्यात. ह्या नुसत्या बसून ओल चाटत्यात."

धर्माने कमरेला दोर बांधला. चार गड्यांनी त्याला निम्म्यावर सोडलं. त्याने धूर केला, माश्या उठल्या. त्याने दगडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच लटकत राहिला. मग घण मागितला.

पहिला घाव पडला, तसा आवाज आला तो नेहमीचा नव्हता. बद्द! आत पोकळ. दुसरा घाव. तिसरा. दगड हलला. कडेने ओल फुटली, घामासारखी. काठावरचे लोक एकमेकांना धरून उभे होते. आणखी एक घाव, आणि करंगळीएवढी धार बाहेर आली. धर्माने पहार घालून दगड उचकटला मात्र, आतून हंड्याएवढा जाड लोट धडाडत बाहेर पडला आणि खाली कोरड्या खडकावर आदळला. त्याचा आवाज विहीरभर घुमला. खालून गार वारा आला आणि काठावरच्या प्रत्येकाच्या तोंडावर तुषार उडाले.

कोणी ओरडलं नाही. ओरडायचं सुचायला आधी भान यावं लागतं ना! डोंगराच्या पोटातलं ते पाणी. किती वर्षं तिथे उभं असेल, एका दगडाआड, कोणाला ठाऊक. उन्हात ते पडताना चमकत होतं आणि सबंध गाव तोंड उघडं टाकून बघत होतं.

आणि गेनबा? अहो, ज्याने जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडी पाडली, तो स्वतः तोंडात बोट घालून उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तुषारांचं की डोळ्यांचं ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. आजवर आपण लोकांना काय देत होतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. धर्माला वर ओढल्यावर तो धावत त्याच्याकडे गेला आणि बाजारातलं कोणीही त्याला जे विचारायचं तेच त्याने विचारलं. "धर्माबाबा, हे केलंत कसं?"

धर्माने ओल्या मिशा पुसल्या. "अरं, हा हाताचा खेळ हाय," तो म्हणाला, "देवाचा न्हाई." आणि खदखदून हसला. मग मात्र सबंध गाव हसलं, आणि रडलंही.

पहिली बादली वर आली. गेनबाने तांब्याचं एक शकल धुतलं, त्यात पाणी घेतलं आणि ते दोन्ही हातांनी आनसाबाईपुढे धरलं. म्हातारीने घटाघटा पिऊन टाकलं. पुन्हा धरलं, पुन्हा प्यायली. मग शकल परत देत म्हणाली, "पायावर घातलेलं परत मिळालं बरं का माझं. आता तुझ्यावर राग न्हाई. पण पुन्हा महाराज झालास तर याद राख!"

शकलं काठावरच ठेवून गेनबा आणि येसूने पेटारा उचलला. पाटलांनी वाट अडवली.

"कौलारू घर महाराजांना दिलं होतं," ते म्हणाले. "महाराज काही आता राहिले नाहीत."

"खरंय, पाटील," गेनबा म्हणाला.

"थांब, माझं झालं नाही. जादूगाराला काय द्यायचं ते अजून ठरायचं आहे. काल तू खोटं बोललास, ते गाव विसरणार नाही. पण आज खरं सांगायला तू स्वतःची भाकरी पहारीने फोडलीस, तेही विसरणार नाही. सुताराला, लोहाराला, कुंभाराला आम्ही खळ्यावर बलुतं देतो. पिकलं की तूही खळ्यावर ये. वर्षातनं चार खेळ कर. माणसाने कधीतरी तोंड उघडं टाकून बघावं, त्याचीही गावाला गरज असते. मात्र बोली मोठ्यांदा म्हणायची."

पुढच्या साली पिकलं. खळ्यावर सुताराच्या रांगेत गेनबा उभा राहिला तेव्हा त्याला कोणी हसलं नाही. धोंडमाळचं बघून उरलेल्या पाच गावांनीही त्याला बलुतं बांधून दिलं. फार नाही, पण दोन माणसांना वर्षभर पुरेल एवढं. राखवाला बाबा त्या मुलखात पुन्हा दिसला नाही. गेनबाची बोटं मात्र आखडतच गेली. कधी चेंडू सगळ्यांसमोर हातातून पडायचा. मग पुढे बसलेलं कोणीतरी मुद्दाम दुसरीकडे बघत म्हणायचं, "गेनबा, पुन्हा कर. आमचं लक्ष नव्हतं."

त्या साली धोंडमाळचा पहिला खेळ संपला आणि गेनबा पेटारा बंद करायला लागला, तर लोक उठेनात.

"न सरणारा तांब्या राहिला," आनसाबाई म्हणाली.

"आजी, तो तर फोडला. तुम्हा सगळ्यांना त्याचं गुपितबी ठावं हाय."

धर्माने पाठीमागे धरलेलं काहीतरी पुढे केलं. तोच तांब्या. गावाने शहरातल्या तांबटाकडून तो डाग देऊन सांधून आणला होता. पोटावरून उभी जाड रेघ गेली होती, लांबूनही दिसणारी. आत गावच्या विहिरीचं पाणी होतं.

गेनबाने तो घेतला. येसूने तीन टोले दिले. त्याने बोली म्हटली आणि या वेळी गावानेही त्याच्याबरोबर म्हटली. मग त्याने तांब्या उलटा केला, तळ ठोकून दाखवला, आणि सरळ धरून थांबला. भोक कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. अंगठा कधी उचलला तेही सगळ्यांनी बघितलं. त्याने तांब्या पुन्हा उलटा केला. पाणी पडलं.

आणि तरीही सबंध धोंडमाळ एका दमात म्हणालं, "आहाहा!"

तात्पर्य एवढंच, की कलेवर पोट भरणाऱ्याने माणसांना चकित करावं, फसवू नये. चकित झालेला माणूस पुन्हा पुन्हा येतो, फसलेला एकदाच येतो.